डावीकडची सीट

आमच्या घरात माझं कोणी ऐकत नसे. ही तक्रार नाही, घराची घडीच तशी होती. आजोबांपर्यंत आमची मिठागरं होती. पुढे खाडीकडच्या जमिनींवर इमारती आणि गोदामं उभी राहिली, कळव्यातलं बैठं घर जाऊन तीन मजली बंगला आला, पण बोलण्याची रीत मिठागरावरचीच राहिली. मोठ्याने बोलायचं आणि सगळ्यांनी एकदम बोलायचं. सकाळी खालच्या मजल्यावर काकी बोंबील साफ करता करता कोणाशी तरी भांडत असे, वर आई तांदळाच्या भाकऱ्या थापत असे, बाबा गॅलरीत उभे राहून फोनवर सातबारा समजावत असत आणि या सगळ्यावर कडी म्हणजे मागच्या शेडमधून येणारा दादाच्या गाडीचा आवाज. या गोंगाटात धाकट्या मुलीने काही म्हणायचं तर तेच तीनदा म्हणावं लागे, आणि तिसऱ्या वेळेला कोणीतरी म्हणत असे, "नमू, तू थांब गं जरा." जगात एकच जागा अशी होती जिथे मी एक शब्द उच्चारला की समोरचा माणूस तो मुकाट्याने पाळत असे. ती म्हणजे दादाच्या गाडीतली डावीकडची सीट.

गाडी साधी होती, लहान, तांबड्या रंगाची, कोणाच्याही बिल्डिंगखाली उभी असते तशी. दादाने तिला बाहेरून काही केलं नव्हतं, आत मात्र टर्बो बसवला होता. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो जास्तीची हवा दाबून परत इंजिनात कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त ताकद. पण त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोलही आत जायला हवं. ते कमी पडलं की आतली आग भलतीच तापते, इंजिन डब्यात खडे हलवल्यासारखं खडखडतं आणि तरीही पाय काढला नाही तर पिस्टन वितळतो. एका भाग पेट्रोलला किती भाग हवा जाते, हे सांगणारं एक गोल मीटर दादाने काचेखाली बसवलं होतं. गाडी निवांत चालताना काटा साडेचौदाच्या आसपास असायचा, पण टर्बोचा जोर आला की तो साडेअकरा ते बारामध्येच राहिला पाहिजे. बारा ओलांडून तेराकडे निघाला म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. पहिलं इंजिन दादाने असंच घालवलं. मीटर बरोबर सांगत होतं, पण दादा रस्त्याकडे बघत होता, आणि रस्त्याकडे बघायला तर हवंच. त्या इंजिनातला अर्धा वितळलेला एक पिस्टन आईने उचलून नेला आणि गच्चीवर वाळत घातलेल्या सुकटीवरचा कागद उडू नये म्हणून वर्षभर वापरला.

त्यानंतर दादाने नियम केला. चालवणाऱ्याने मीटरकडे बघायचंच नाही. डावीकडे बसणाऱ्याने मीटरवरून नजर काढायची नाही, आकडे मोठ्याने म्हणायचे, आणि आकडा चढला की एकच शब्द बोलायचा: सोड. 'सोड' ऐकल्यावर चालवणाऱ्याने का, किती, कसं काही न विचारता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. कारण विचारायला जो वेळ लागतो तेवढ्यात पिस्टन जातो. हे काम दादाने मला दिलं, कारण मी हाताशी होते आणि मला गाडीत चक्कर येत नसे. पण मला काय मिळालं होतं हे त्याला कधी कळलंच नाही. जोराने जाणाऱ्या गाडीत, माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या, घरात सगळ्यांवर ओरडणाऱ्या माझ्या भावाला मी "सोड!" म्हणायचे आणि तो पाय उचलायचा. एकदा तर आकडा ठीक असताना नुसतं बघायला म्हणून मी सोड म्हटलं. उचलला त्याने. मला जेवणसुद्धा नको झालं त्या दिवशी, इतका आनंद.

हल्ली शोरूममधून निघणाऱ्या निम्म्या गाड्यांना टर्बो असतो. घोडबंदर रोडच्या जाममध्ये शेजारी उभ्या असलेल्या, बायकोशी हळू आवाजात वाद घालणाऱ्या गृहस्थाच्या गाडीतही तो असतो आणि आत बसलेला कॉम्प्युटर सगळे आकडे आपले आपण सांभाळतो. माझा मुलगा म्हणतो, "आई, तुम्ही लोक वेडेच होतात." असू. पण पन्नाशीला आलेय तरी अजून कोणाच्याही गाडीत डावीकडे बसले की माझी नजर आधी काचेखाली जाते, तिथे काही नसलं तरी.

मग केतकी वहिनी आली. डोंबिवलीची, शिक्षकांची मुलगी, शुद्ध बोलणारी, हळू बोलणारी. तिच्या वडिलांची गाडी काळा धूर टाकते म्हणून ती गाडी दुरुस्तीला दादाच्या शेडमध्ये घेऊन आली आणि दादाने बॉनेट उघडायच्या आधीच काय बिघडलंय ते तिनेच त्याला सांगितलं. इंजिनिअर होती, घोडबंदरच्या एका ऑफिसात इंजिनांच्या चाचण्यांची माहिती कॉम्प्युटरवर तपासायचं काम करत होती. दादा दोन महिने त्या धुराबद्दलच बोलत होता. तिसऱ्या महिन्यात घरात सांगितलं. डोंबिवलीचे लोक मच्छी खात नाहीत म्हणून आईने दोन दिवस तोंड पाडलं आणि मग, काय झालं कोण जाणे, एकदम पाघळली. लग्नानंतर रोज संध्याकाळी आई भिजवलेले, मोड आलेले वाल घेऊन बसायची आणि एकेक दाणा सोलून वहिनीसाठी बिरडं करायची. मला आठवतंय तेव्हापासून आमच्या घरात बिरडं सणालाच व्हायचं. मी म्हटलं, "माझ्यासाठी कधी सोललेस का इतके?" तर आई मान वर न करता म्हणाली, "तुना कवा मागितलास?" मी मागितलं नव्हतं हे खरं होतं. म्हणून तर जास्त राग आला.

मी हेवा करत होते. सरळ सांगते, आडपडदा कशाला. तिच्या हळू बोलण्याचा हेवा, कारण ती हळू बोलली की काकीसुद्धा खालून विचारायची, "काय म्हंते ती?" तिच्या ओढणीला नीट इस्त्री असायची त्याचा. बाबा तिला सातबारा वाचायला देत त्याचा. पण हे सगळं मी गिळलं असतं. एका रविवारी सकाळी ती लॅपटॉप आणि एक काळी वायर घेऊन शेडमध्ये आली आणि दादा मला म्हणाला, "नमू, आज तू मागे... अरे, मागे सीटच नाही ना. तू गेटपाशी थांब. केतकी बसेल."

"आकडे कोण बोलणार?" मी विचारलं.

"बोलायचे कशाला? सगळं लॅपटॉपमध्ये जातं. नंतर आरामात बघायचं."

"आणि सोड कोण म्हणणार?"

"ती म्हणेल ना. बघतच असणार ती." दादाला यात काही विशेष वाटलं नाही. वहिनीला वाटलं असावं, कारण तिने माझ्याकडे बघून "नम्रता, तुला चालेल ना?" असं विचारलं. मी "हो, चालेल की" म्हणाले. असं विचारणाऱ्या माणसावर धड चिडताही येत नाही.

आमच्या काकांची गोदामं कल्याणच्या खाडीपलीकडे होती. रविवारी तिथे चिटपाखरू नसे. गेट लावलं की आतला सिमेंटचा सरळ रस्ता आमचा. रहदारीच्या रस्त्यावर असले उद्योग करायचे नाहीत, ही बाबांची एक अट दादाने कायम पाळली. त्या रविवारपासून मी गेटजवळ, आग विझवायचा लाल सिलिंडर पायाशी घेऊन उभी राहू लागले. तेही काम गरजेचं होतं, पण तिथून कोणाला सोड म्हणता येत नाही. गाडी लांबून यायची, टर्बोची शीळ चढत जायची, आणि काचेमागे वहिनीचं खाली झुकलेलं डोकं दिसायचं. माझं सगळं आयुष्य कोणीतरी डोकं खाली घालून वापरतंय असं वाटायचं मला. त्यात तिचं काम वाईट असतं तर बरं झालं असतं. तसंही नव्हतं. ती एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी पेट्रोल मुद्दाम जास्त ठेवायचं, गाडी थोडा धूर टाकेल तर टाकू दे, मग चिमूट चिमूट कमी करत जायचं. दोन फेऱ्यांच्या मध्ये इंजिन थंड होऊ द्यायची, प्लग काढून त्यांच्या रंगावरून आतली आग किती तापली ते बघायची. दादाला घाई व्हायची. ती म्हणायची, "जयेश, पेट्रोल जास्त झालं तर धूर निघेल. कमी झालं तर इंजिन निघेल." दादा हसायचा. मी असं काही बोलले असते तर म्हणाला असता, शहाणपणा करू नको.

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या गाड्यांची पूजा असते. बाबांची, काकांची, गोदामाचा टेम्पो, जो मीच चालवायचे, आणि तांबडी. त्या वर्षी वहिनीचा पहिला दसरा म्हणून आईने तांबडीसाठी स्वतः हार ओवला, गोंड्याच्या फुलांचा, आंब्याची पानं घालून, मनगटाएवढा जाड. समोर जाळीवर आडवा बांधला, दोन पदरी. वर कुंकू, अक्षता, चाकाखाली लिंबू. आणि आईचा नियम: "दसऱ्याचा हार हातानं तोरायचा नाय. सुकून परंल तवा परंल." हे आम्हाला लहानपणापासून पाठ होतं. काकांच्या टेम्पोवरचा हार तर दिवाळीपर्यंत लोंबकळत असे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघं गोदामावर गेलो, ती दोघं तांबडीत, मी टेम्पोत. ऑक्टोबरचं ऊन चढायला लागलं होतं. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर वहिनी खाली उतरून म्हणाली, "आज पेट्रोल जास्त होतंय. मागच्या वेळेला बरोबर होतं, आज आकडा अकराच्याही खाली जातोय." दादा म्हणाला, "मग कमी कर." तिने कमी केलं. परत फेरी, परत थोडं कमी. दुपार होईपर्यंत काटा टर्बोच्या जोरात बरोबर पावणेबारावर बसला, हलेना. दादाने तिथल्या तिथे तिला उचलून गोल फिरवलं. मी सिलिंडरशेजारी उभी राहून रस्त्याकडे बघत होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

जेवणाच्या वेळेला दादाचे तीन मित्र कल्याणहून आले. गाडी तयार झाली असं दादाने फोन करून सांगितलं होतं. आईने डबे दिले होते, आमच्यासाठी भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी, वहिनीसाठी वेगळ्या डब्यात बिरडं. मित्रांनी बिरड्याचा फडशा पाडला आणि वहिनीने भाकरी गुळाबरोबर खाल्ली. मग त्यांच्यातल्या एकाला इंटरकूलर बघायचा होता. टर्बोने दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंजिनात जाण्यापूर्वी थंड करायला गाडीच्या पुढच्या जाळीमागे एक चपटा रेडिएटरसारखा भाग असतो, तो इंटरकूलर. हाराखाली काही दिसेना. दादाने खिशातून चावी काढून हाराचा दोरा कापला आणि हार बाजूच्या भिंतीवर टाकला. मी म्हटलं, "दादा, आई काय म्हणेल?" तो म्हणाला, "तू सांगणारेस का?" मित्र हसले.

मग दादा मित्रांना म्हणाला, "आता बघा." वहिनी लॅपटॉप घेऊन बसली. मी गेटपाशी. गाडी टोकाकडून निघाली, शीळ चढली, आणि शिळेच्या आत मला दुसरा आवाज ऐकू आला. बारीक खडखड. डब्यात खडे. मी हात वर करून ओरडले, पण तेवढ्या लांबून काय ऐकू जाणार. पुढच्याच क्षणी इंजिनाचा आवाज एकदम बंद झाला. गाडी नुसती चाकांचा आवाज करत येत राहिली आणि माझ्यापासून थोड्या अंतरावर थांबली. दादाने दोन्ही सीटच्या मधोमध इंजिन एकदम बंद करायचं एक लाल बटण बसवलं होतं. ते वहिनीने दाबलं होतं.

दादा दार आपटून उतरला. "सगळ्यांसमोर गाडी बंद केलीस? वेड लागलंय का तुला?"

वहिनीही उतरली. तिचा आवाज तेव्हाही हळूच होता. "मी दोनदा सोड म्हणाले, जयेश."

"अगं, बाराच्या आसपास असेल!"

"साडेतेरा. दाखवू?" तिने लॅपटॉप बॉनेटवर ठेवला. रेघ सरळ वर गेली होती. मित्र पुढे वाकून बघायला लागले. दादाने रेघेकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाय काढणारच होतो मी."

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिते. मला वाटलं, माझं ऐकायचा. माझं प्रत्येक वेळी ऐकलं आणि हिचं नाही ऐकलं. छातीत एक गरम, गोड कळ आली. जिंकले, असं वाटलं. आणि लगेच पुढचं सुचलं: माझं ऐकायचा तेव्हा आमच्याकडे बघायला कोणी नसायचं.

"पण सकाळी तर बरोबर होतं," वहिनी स्वतःशीच बोलत होती. "तेच पेट्रोल, तोच रस्ता. काय बदललं?"

माझी नजर भिंतीवर गेली. "हार," मी म्हटलं. एकदाच म्हटलं. वहिनीने वळून भिंतीकडे बघितलं, मग जाळीकडे, आणि कपाळावर हात मारला.

सगळं तिथेच होतं. हार इंटरकूलरवर होता तोवर हवा थंड होत नव्हती. गरम हवा विरळ असते, म्हणून तेच पेट्रोल जास्त पडत होतं, आणि वहिनी सकाळभर ते कमी करत गेली. हार निघाला, हवा गार होऊन दाट झाली आणि तिला ते कमी केलेलं पेट्रोल पुरेना. हवेचं तापमान सांगणारा सेन्सर असता तर कॉम्प्युटरने आपणहून सांभाळून घेतलं असतं, पण तो बसवणं दादाच्या 'नंतर बघू'मध्ये होतं.

"मला दिसत होता हार," वहिनी म्हणाली. "हवा अडते हेही कळत होतं. पण आईंनी बांधलेला. मला म्हणाल्या होत्या, सुकून पडेपर्यंत काढायचा नाही. म्हणजे तो आहेच असं धरून मी सगळं बसवलं. नवीन सून मी, माझ्या तोंडून कसं निघणार की हार काढा?" यावर एक मित्र हसला. मला हसू आलं नाही. आमच्या घरात तोंडून काय निघू शकतं आणि काय नाही हे मला तिच्याहून जास्त माहीत होतं.

प्लग काढले. पांढरट झाले होते, पण त्यांवर वितळल्याचे दाणे नव्हते. इंजिन वाचलं होतं. तिने पेट्रोल पुन्हा भरपूर वाढवलं, टर्बोचा दाब कमी केला, आणि वायर गुंडाळत दादाला म्हणाली, "तुझ्याबरोबर मी नाही बसणार. सोड म्हटल्यावर पाय उचलत नसशील तर तिथे बसून उपयोग काय? नम्रता बसेल."

दादा लगेच म्हणाला, "हां, नमू, चल. बस." जणू काही झालंच नव्हतं.

महिनाभर ज्यासाठी झुरत होते ते समोर आलं होतं, दार उघडं धरून. मी तिथवर गेलेसुद्धा. आणि आत वाकून ती सीट बघितली, फाटकं कव्हर, सैल झालेला पट्टा, आणि मला कळलं की दादा मला बोलावतोय कारण माझं ऐकणं त्याला सोपं जातं. बहिणीचं, धाकटीचं, कोणाला दिसत नसताना. मी दार बंद केलं. गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेले आणि म्हटलं, "दादा, चावी."

"काय?"

"मी चालवते. वहिनी आकडे बोलेल."

"तू? अगं ही काय टेम्पो आहे?"

"पाय उचलायचा असतो तेव्हा उचलायचा, एवढंच आहे ना? मला येतं ते." तीनदा म्हणावं लागलं नाही. मित्र बघत होते, आणि मघाशी तेच त्याच्या अंगाशी आलं होतं. त्याने चावी दिली.

वहिनीने पट्टा आवळला. मी आरसा नीट केला आणि रस्त्याच्या टोकापर्यंत हळूहळू गेले, इंजिन गरम होऊ दिलं, गाडी वळवली. पाय दाबला तेव्हा आधी काहीच झालं नाही, आणि मग पाठीला कोणीतरी ढकललं. शीळ चढली. "अकरा," वहिनी मोठ्याने म्हणाली. ती इतक्या मोठ्याने बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. "अकरा. सव्वाअकरा. अकरा. सोड!" मी पाय उचलला. एका क्षणात, विचार न करता. शीळ उतरली, गाडी मंद झाली, आणि मी विचारलं, "काय झालं? चढला?"

"नाही," वहिनी म्हणाली. "नुसतं बघितलं." आणि तिचा चेहरा असा उजळला की मला त्या आनंदाचं नाव माहीत होतं. तिला महिनाभर तो मिळाला नव्हता. ती माझ्या जागेवर बसली होती, पण जे माझ्याकडे होतं ते तिला कोणी दिलंच नव्हतं, आणि मी कशाचा हेवा करत होते?

आणखी दोन फेऱ्या केल्या. दादा गेटपाशी उभा होता. मित्र मागे कशावर तरी हसत होते, पण तो त्यांच्यात नव्हता. तो गाडीकडे बघत होता, आम्ही दोघी काचेमागे काहीतरी बोलतो आहोत हे त्याला दिसत होतं, काय ते ऐकू येत नव्हतं. तो चेहरा मी लगेच ओळखला. दर रविवारी मीच तो लावून उभी होते. आणि इथे मला मोठं मन दाखवायचं असतं तर मी लिहिलं असतं की मला त्याची दया आली. तसं काही झालं नाही. मला फार बरं वाटलं, इतकं की मी चौथी फेरीही मारली, गरज नसताना.

गाडी थांबवली तेव्हा तो धावत आला. काच खाली होती. त्याने आत डोकं घातलं, आधी माझ्याकडे, मग लॅपटॉपकडे बघितलं. वहिनीने लॅपटॉप हलकेच मिटला.

"किती आला?" त्याने विचारलं. "अगं, सांगा ना, किती आला?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आणि आम्ही दोघींनी त्याला तिसऱ्यांदा विचारू दिलं.